ग्रीनबेल्टच्या तंबूतून वॉशिंग्टन डीसी : मुलांसह एका दिवसाची आखणी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तंबू घेऊन गाडीने फिरणाऱ्या कुटुंबांच्या वाटेत वॉशिंग्टन डीसी हमखास येतं. न्यू जर्सीहून व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानाला जाताना किंवा कॅरोलिनाच्या समुद्रावरून परतताना एक दिवस या शहरासाठी राखून ठेवला जातो. पण हॉटेलात उतरून शहर बघणं वेगळं आणि तंबूत राहून बघणं वेगळं. दुपारी खोलीवर जाऊन तासभर आडवं होता येत नाही. फोन रात्रभर चार्जरला लावता येत नाही. वळवासारखा पाऊस कोसळला तर अंथरुणं भिजतात. आणि दुसऱ्या दिवशी सगळा बाडबिस्तरा आवरून पुन्हा गाडी हाकायची असते.

म्हणून तंबूवाल्यांनी बेत आटोपशीर ठेवावा: दोन म्युझियम, संध्याकाळी स्मारकांची एक पायी फेरी, आणि गाडी शहराच्या बाहेर. दिवसभराचं चालणं एवढ्यातच दहा-बारा किलोमीटर होतं. कॅपिटॉल (अमेरिकेचं संसदभवन), झू, व्हाइट हाउस, चार म्युझियम असा बेत कागदावर छान दिसतो, पण दुपारी तीनच्या सुमाराला मुलं फरशीवर फतकल मारतात आणि पुढचं सगळं ओढाताणीत जातं.

मुक्काम आणि तिथवर पोचणं

तंबूसाठी सर्वात सोयीची जागा म्हणजे मेरीलँडमधलं ग्रीनबेल्ट पार्क. नॅशनल पार्क सर्व्हिसचं हे छोटं जंगल शहरापासून सुमारे १२ मैलांवर आहे आणि त्यात तंबू आणि आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांच्या) १७२ जागा आहेत. प्रत्येक जागी टेबल आणि शेकोटीचं कडं असतं. संडास-बाथरूमच्या इमारती आहेत, पण वीज किंवा पाण्याची जोडणी कुठल्याही जागेला नाही. आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं. उन्हाळी सुटीतले शनिवार-रविवार लवकर भरतात, आठवड्याच्या मधल्या वारी जागा त्या मानाने सहज मिळते. पार्कच्या एका अंगाला बेल्टवे हा शहराभोवतीचा महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला बाल्टिमोर-वॉशिंग्टन पार्कवे आहे, त्यामुळे गाड्यांचा घोंगावणारा आवाज रात्रभर येतो. नकाशा उघडून या दोन रस्त्यांपासून जितकी आतली जागा मिळेल तितकी निवडा, आणि झोप सावध असलेल्यांसाठी कानात घालायचे बोळे ठेवा. वीजजोडणी हवीच असेल तर जवळच कॉलेज पार्कमध्ये चेरी हिल पार्क नावाचं खासगी आरव्ही पार्क आहे. ते बरंच महाग पडतं.

उत्तरेकडून येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आय-९५ महामार्गावरून येताना बाल्टिमोरला बंदराखालच्या बोगद्यातून जावं लागतं. फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांत दहा पौंडांपेक्षा मोठा प्रोपेनचा सिलिंडर न्यायला मनाई आहे. एक पौंडाच्या छोट्या हिरव्या बाटल्या चालतात, त्याही जास्तीत जास्त दहा. पण बार्बेक्यूचा २० पौंडी पांढरा सिलिंडर गाडीत असेल तर बोगदा बंद. पूर्वी अशा गाड्या ‘फ्रान्सिस स्कॉट की’ नावाच्या पुलावरून जात. तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून कोसळला, म्हणून आता आय-६९५ च्या पश्चिमेकडच्या वळणाने शहराला वळसा घालावा लागतो. फोनवरचा नकाशा तुमच्या सिलिंडरचा विचार करत नाही, त्यामुळे हा वळसा आपणच आधी रस्त्यात टाकून ठेवायचा.

सामान भरायचं असेल तर पार्कपासून थोड्या अंतरावर लँगली पार्कला युनिव्हर्सिटी बुलेव्हार्डवर भारतीय किराण्याची दुकानं आहेत. गोठवलेल्या पोळ्या, पोहे, लोणचं, शेंगदाणे, सगळं मिळतं. लॅनहॅमचं शिव-विष्णू मंदिर गाडीने जवळच आहे. शनिवार-रविवारी येत असाल तर दर्शन घ्या आणि तिथल्या उपाहारगृहात इडली-डोसा मिळतोय का बघा. प्रवासाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलांना गरम सांबार मिळालं की त्यांची कळी खुलते.

आदल्या संध्याकाळी

सकाळी सातला बाथरूमपाशी रांग असते, म्हणून मुलांच्या आंघोळी आदल्या संध्याकाळीच उरकून घ्या. उद्याचे कपडे तंबूत उशाशी ठेवा. शक्यतो सगळ्या मुलांना एकाच भडक रंगाचे टी-शर्ट घाला. गर्दीत शोधायला त्याचा मोठा उपयोग होतो.

जेवणाचा डबाही आदल्या रात्रीच तयार करा. दोन मोठे आणि दोन लहान यांच्यासाठी १६ ते १८ ठेपले किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणच्याची छोटी बाटली, सहा केळी, चार सफरचंदं आणि आठ-दहा लाडू किंवा चिक्क्या एवढं दुपार आणि संध्याकाळ दोन्ही वेळांना पुरतं. बटाट्याची भाजी, दहीभात, पनीर असले पदार्थ टाळा. जुलैमध्ये वॉशिंग्टनचं तापमान ३१-३२ अंशांपर्यंत सर्रास जातं, हवेत मुंबईसारखा दमटपणा असतो आणि सॅकमधला डबा चार तासांत आंबतो. पाण्याच्या पाऊण लिटरच्या चार बाटल्या पुरतात, म्युझियममध्ये त्या पुन्हा भरता येतात.

फोनचं काम सगळ्यात दुर्लक्षित राहतं. म्युझियमचे पास, मेट्रोचा नकाशा, फोटो, एकमेकांना शोधणं, सगळं फोनवर, आणि तंबूजवळ प्लग नाही. किमान १० हजार एमएएचची एक पॉवर बँक त्या दिवशीच्या ड्रायव्हिंगमध्येच गाडीत पूर्ण भरून घ्या. पासचे स्क्रीनशॉट दोन्ही मोठ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

आता सॅक. शहराच्या दिवसासाठी हीच सर्वात महत्त्वाची पायरी आहे. कॅम्पिंगची सॅक पूर्ण उलटी करा. वरच्या कप्प्यातला स्विस चाकू, बाजूच्या जाळीतला लायटर, तळाशी गेलेली तंबूची मेख, अस्वलासाठी घेतलेला मिरीचा फवारा, फोल्डिंग चमचा-सुरी संच, सगळं बाहेर काढा. इथली बरीच मोठी म्युझियम चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेच्या प्रत्येक म्युझियमच्या दारात सॅक तपासतात आणि चाकू आत जाऊ देत नाहीत. तो ठेवायला तिथे लॉकर नसतो. मग एकाने चाकू घेऊन बाहेर थांबायचं किंवा तो टाकून द्यायचा, दोनच वाटा. कॅपिटॉलचे नियम याहून कडक आहेत. तिथे फळासह कुठलाही खाऊ आणि पाणी भरलेली बाटलीही चालत नाही. डबा घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच त्या दिवशी कॅपिटॉल आतून बघायचा विचार सोडावा, लांबून बघावं. रविवारी तर तिथल्या टूर नसतातच.

सॅकमध्ये काय हवं: डबा, बाटल्या, प्रत्येकाचा पातळ रेनकोट, टोपी, सनस्क्रीन, चिकटपट्ट्या, लहानग्याचा कपड्यांचा एक जोड, बसायला पातळ चादर, पॉवर बँक. पासपोर्ट तंबूत किंवा गाडीत ठेवू नका. तुम्ही अमेरिकेत व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने आपली कागदपत्रं जवळ बाळगावीत असा कायदाच आहे.

पास कशाचे लागतात, कशाचे नाहीत

स्मिथसोनियनची म्युझियम फुकट असतात आणि २५ डिसेंबर सोडून रोज, साधारण दहा ते साडेपाच उघडी असतात. नॅचरल हिस्टरी आणि अमेरिकन हिस्टरीला पास लागत नाही, थेट रांगेत उभं राहायचं. एअर अँड स्पेस या विमानं-अवकाशयानांच्या म्युझियमला आणि आफ्रिकन अमेरिकन म्युझियमला मात्र ठरावीक वेळेचा फुकट पास घ्यावा लागतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर काही आठवडे आधी सुटतो आणि सुटीच्या हंगामात भराभर संपतो. आधीचा चुकला तर त्याच दिवशी सकाळी काही पास पुन्हा सोडतात. साडेआठच्या आधी फोन हातात घेऊन बसायचं. तान्ह्या मुलासकट प्रत्येकाच्या नावे पास धरा. एक कमी पडला तर दारात अडचण होते.

वॉशिंग्टन मॉन्युमेंट या उंच स्तंभाच्या लिफ्टने वर जायचं असेल तर तिकीट रिक्रिएशन डॉट गव्हवर ३० दिवस आधी, सकाळी दहाला सुटतं. तिकिटामागे एक डॉलर आकार. त्याच दिवसाची फुकट तिकिटं १५व्या रस्त्यावरच्या ‘लॉज’ नावाच्या तिकीटघरात सकाळी मिळतात, पण त्यासाठी पहाटे तंबू सोडावा लागतो. वर जायचंच असेल तर दुसरं म्युझियम गाळा. दोन्ही करायला गेलं तर धड काहीच होत नाही.

आणखी एक गोष्ट निघण्याआधी तपासा. सरकारी खर्चाची मंजुरी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अडकली की ही सगळी म्युझियम बंद होऊ शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये तसं झालंच होतं. उघड्यावरची स्मारकं अशा वेळीही बघता येतात.

सकाळी तंबू सोडताना

सकाळचा नाश्ता स्टोव्ह न पेटवता होईल असा ठेवा: दूध-सीरियल, केळी, ब्रेड-बटर. त्यामुळे भांडी घासण्यात वेळ जात नाही आणि कूलरमधलं दूधही संपतं. दूध संपवणं गरजेचं आहे, कारण इथे एक पेच आहे. खाण्याची पेटी बाहेर ठेवली तर रॅकून नावाचे जंगली प्राणी ती उघडतात, म्हणून ती गाडीत बंद करायची. पण गाडी तर दिवसभर स्टेशनच्या उघड्या पार्किंगमध्ये उन्हात तापणार. तेव्हा नासणाऱ्या वस्तू आदल्या दिवशीच संपवा, कूलर डिकीत सर्वात खाली ठेवून त्यावर स्लीपिंग बॅग आणि चादरी घाला, आणि बर्फ व दूध संध्याकाळी परतताना नव्याने घ्यायचं ठरवूनच निघा.

गॅसच्या डब्यांचं नेमकं उलटं. बंद गाडी उन्हात ५० अंशांच्या पुढे सहज जाते आणि बहुतेक डब्यांवर तेवढ्या उष्णतेपासून दूर ठेवण्याची सूचना छापलेली असते. म्हणून डबा स्टोव्हपासून सोडवा आणि मुक्कामाच्या जागीच, टेबलाखाली सावलीत ठेवून द्या.

आकाश निरभ्र असलं तरी तंबूवर रेनफ्लाय (पावसाचं वरचं आच्छादन) घाला, चेन बंद करा, कोपऱ्यांच्या मेखा पायाने दाबून बघा, ताणदोऱ्या ओढून घ्या. या भागात उन्हाळ्यात गडगडाटी पाऊस बहुधा दुपारी चारनंतर येतो आणि तेव्हा तुम्ही शहरात असता. आतली अंथरुणं गुंडाळून मधोमध ठेवा. भिजलेल्या भिंतीला कापड टेकलं की तिथून पाणी आत झिरपतं आणि रात्री नेमकी तीच कड कोणाच्या तरी पाठीखाली येते.

मेट्रो

गाडी शहरात नेऊ नका. नॅशनल मॉल, म्हणजे ही म्युझियम आणि स्मारकं जिच्या कडेने आहेत ती शहराच्या मधली लांबलचक हिरवळ, तिच्याभोवती रस्त्यावर जागा मिळत नाही, खासगी गॅरेज महाग असतात, आणि छतावर सामानाची पेटी बसवलेली गाडी कमी उंचीच्या गॅरेजच्या दारातच अडकते. पेटीसकट गाडीची उंची मोजून ती डॅशबोर्डवर चिकटवून ठेवली तर सबंध प्रवासात उपयोगी पडते.

पार्कपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांत ग्रीन लाइनचं ग्रीनबेल्ट स्टेशन येतं. कॉलेज पार्क स्टेशनही जवळ आहे. तरी मुलं बरोबर असतील तर ग्रीनबेल्टच बरं. ते शेवटचं स्टेशन असल्यामुळे गाडी रिकामी मिळते, सगळ्यांना एकत्र बसता येतं, आणि उघडं पार्किंग मोठं असल्याने उंचीची भीती राहत नाही. सोमवार ते शुक्रवार पार्किंगचे पैसे बाहेर पडताना भरायचे. पाच डॉलरच्या आसपास लागतात. शनिवार-रविवारी पैसे पडत नाहीत.

प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं. एका कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. एक तर दोन डॉलरचं स्मारट्रिप कार्ड घ्या किंवा फोनमध्ये ते उतरवून घ्या. मे २०२५ पासून साधं क्रेडिट कार्डही गेटला टेकवून चालतं, पण आत शिरताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. पाच वर्षांखालची मुलं फुकट, एका मोठ्यामागे दोन. भाडं कामाच्या दिवशी अंतरावर असतं. शनिवार-रविवारी कितीही लांब गेलं तरी अडीच डॉलरच्या आसपास संपतं. दोन मोठे, एक आठ वर्षांचा आणि एक चार वर्षांचा असं कुटुंब रविवारी जाऊन-येऊन पंधरा डॉलरमध्ये शहर बघून येतं. मात्र शनिवार-रविवारीच रुळांची कामं निघतात आणि मध्येच बसने जायची वेळ येते. निघण्याआधी मेट्रोच्या संकेतस्थळावर ग्रीन लाइन बघूनच घ्या.

गाडीत आणि फलाटावर खाणं-पिणं मना आहे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी. स्ट्रोलर असेल तर लिफ्टच वापरा. इथले काही जिने भलतेच लांब आणि उभे आहेत. घडी होणारा हलका स्ट्रोलर आणा, पाच वर्षांच्या मुलासाठीसुद्धा. तो संध्याकाळी कामाला येतो.

बसबद्दल जुनी माहिती वाचून जाऊ नका. मॉलभोवती फिरणारी सर्क्युलेटर बस २०२४ च्या अखेरीस बंद झाली आणि जून २०२५ मध्ये मेट्रोच्या सगळ्या बसमार्गांचे नंबर बदलले. जुन्या लेखांतले नंबर आता निरुपयोगी आहेत.

पहिलं म्युझियम : दहा ते सव्वाबारा

पावणेनऊला तंबू सोडला की सव्वानवाची गाडी मिळते आणि पावणेदहाच्या आत आर्काइव्हज स्टेशनला उतरता येतं. तिथून कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूने पश्चिमेकडे दहा मिनिटं चाललं की नॅचरल हिस्टरी म्युझियम. बहुतेक लोक मॉलच्या बाजूच्या भव्य पायऱ्यांकडे जातात. तुम्ही कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूच्या दाराशी थांबा. तिथे पायऱ्या नाहीत, स्ट्रोलर सरळ आत जातो आणि रांगही बहुधा लहान असते.

दार उघडल्यावर सगळी गर्दी डायनोसॉरकडे धावते. मोठी मुलं असतील तर तुम्ही आधी दुसऱ्या मजल्यावर रत्नांच्या दालनात जा. तिथला होप डायमंड, ४५.५२ कॅरटचा निळा हिरा, आपल्याकडचा, गोवळकोंड्याच्या परिसरातला. सतराव्या शतकात तो फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए भारतातून घेऊन गेला. हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने १९५८ मध्ये तो म्युझियमला भेट दिला आणि पाठवला चक्क टपालाने, रजिस्टर पार्सल करून. हिरा काचेच्या पेटीत हळूहळू वळत राहतो, त्यामुळे पुढे घुसायची गरज नाही. एका जागी शांत उभं राहिलं की त्याची सगळी अंगं आपल्यासमोर येतात. साडेदहाला तिथे मोकळेपणाने बघता येतं, बारानंतर माणसांच्या तीन-चार रांगा असतात.

मग खाली येऊन जीवाश्मांचं दालन आणि सागराचं दालन. दोन तासांत एवढंच होतं आणि तेवढं पुरे. लहान मुलं सहा वर्षांखालची असतील तर क्रम उलटा करा. त्यांना हिऱ्यापेक्षा टी-रेक्समध्ये रस असतो आणि त्यांचा सगळ्यात चांगला तास सकाळचा पहिलाच असतो.

दुपारचं जेवण आणि दुसरं म्युझियम

सव्वाबाराला मॉलच्या बाजूने बाहेर पडा. हिरवळीच्या दोन्ही कडांना एल्मच्या झाडांच्या रांगा आहेत. त्यांच्या सावलीत चादर टाका, बूट काढा, डबा उघडा. इथे घाई करू नका. बूट काढून बसलेला पाऊण तास तुम्हाला संध्याकाळी परत मिळतो. मॉलच्या मधोमध सावलीचा पत्ता नाही. दुपारी त्या खडीच्या वाटेने कॅपिटॉलकडे चालत जाण्याचा मोह टाळा. जवळ दिसतं, पण लिंकन स्मारकापासून कॅपिटॉलपर्यंत दोन मैलांहून अधिक अंतर आहे.

दुपारी एक-दीडचा एअर अँड स्पेसचा पास असेल तर उत्तमच. मॉल ओलांडून दहा मिनिटांत पोचता. राइट बंधूंचं १९०३ चं मूळ विमान, आणि अपोलो ११ चं कोलंबिया हे यान, ज्यातून तीन माणसं चंद्राकडे गेली आणि सुखरूप परत आली. यानाच्या तळाजवळ मुलांना न्या आणि पृथ्वीच्या वातावरणात शिरताना त्याचं कवच कसं करपून निघालंय ते दाखवा. एवढं बघितलं तरी इथे आल्याचं सार्थक झालं. पास नसेल तर नॅचरल हिस्टरीच्या शेजारचं अमेरिकन हिस्टरी घ्या. तिथे १८१४ मध्ये फोर्ट मॅकहेन्रीवर फडकलेला, अमेरिकेच्या राष्ट्रगीतामागचा मूळ झेंडा मंद उजेडाच्या खोलीत ठेवलेला आहे. फोटो काढायला मनाई आहे. मुलांना आत जाण्याआधीच सांगून ठेवा. काल ज्या बोगद्याला फोर्ट मॅकहेन्रीचं नाव होतं, तोच हा किल्ला, हे सांगितलं तर त्यांना धागा सापडतो.

एका पालकाने एका मुलाला घेऊन वेगळ्या मजल्यावर जायचं ठरलं तर भेटायची जागा आणि वेळ आधी बोलून घ्या, कारण जाड भिंतींच्या आत फोनची रेंज दगा देते. मुलांच्या मनगटावर पेनाने मोबाइल नंबर लिहा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर घामाने पुसत नाही.

साडेतीनला थांबा, मुलं अजून थांबायला तयार नसली तरी थांबा. नॅशनल गॅलरी या मॉलवरच्या कलादालनाच्या दोन इमारतींना जोडणारा भुयारी मार्ग अशा वेळी फार कामाचा. वातानुकूलित, बसायला जागा, कॅफे, आणि एक सरकता पट्टा ज्याच्या वर-बाजूला हजारो दिव्यांची नक्षी चमचमत असते. लहान मुलं त्यावरून चार-चारदा ये-जा करतात. मोठ्यांनी एकेक कॉफी घ्यावी. बाहेर गडगडायला लागलं असेल तर पाऊस थांबेपर्यंत इथेच राहा. मॉलवर वीज चमकत असताना झाडाखाली उभं राहणं धोक्याचं आहे. गॅलरी पाचला बंद होते.

संध्याकाळची फेरी

पाचच्या सुमाराला उरलेला डबा खाऊन घ्या, म्हणजे तंबूवर परतल्यावर स्वयंपाक करावा लागत नाही. फूड ट्रक आसपास असतात, शाकाहारी मंडळींना त्यांत फलाफल बरं. मग पश्चिमेकडे चालायला लागा: वॉशिंग्टन मॉन्युमेंटचा पायथा, दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक, तळ्याच्या कडेची झाडं आणि शेवटी लिंकन. गॅलरीपासून साधारण तीन किलोमीटर.

मॉन्युमेंटपाशी मुलांना विचारा, रंग कुठे बदलतो? सुमारे दीडशे फुटांवर दगडाची छटा वेगळी दिसते. १८५० च्या दशकात पैसे संपले आणि काम थांबलं, मग यादवी युद्ध झालं. पुन्हा हात घातला तेव्हा दगड दुसऱ्या खाणीतला आला. ५५५ फुटांचा हा स्तंभ १८८४ मध्ये पुरा झाला.

लिंकन स्मारकाच्या पायऱ्या थकलेल्या पायांना जड जातात. स्ट्रोलर असेल तर लिफ्टची चौकशी करा. वर चढताना पुतळ्याच्या दालनापासून १८ पायऱ्या खाली जमिनीकडे बघा. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये जिथे उभं राहून भाषण केलं तो दगड तिथे कोरलेला आहे. त्यावरून रोज हजारो लोक न बघता जातात. आत उत्तरेच्या भिंतीवर लिंकनचं दुसरं अध्यक्षीय भाषण आहे. त्यातल्या एका शब्दात कारागिराने चुकून एफच्या जागी ई कोरला आणि नंतर ती खालची रेघ बुजवली. वाचता येणाऱ्या मुलांना ती शोधायला लावा, दहा मिनिटं निवांत जातात. शेजारच्या व्हिएतनाम स्मारकाकडे मात्र त्यांना समजावूनच न्या. काळ्या दगडावर ५८ हजारांहून अधिक मृतांची नावं आहेत आणि तिथे रोज कुणाचे ना कुणाचे नातलग येऊन उभे असतात. धावणं, ओरडणं नको.

जून-जुलैत सूर्य साडेआठला मावळतो, पण तुम्ही आठला निघा. तिथून २३व्या रस्त्याने फॉगी बॉटम स्टेशन वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. इथेच स्ट्रोलर कामाला येतो. उबर बोलवायचा मोह होतो, पण मुलांच्या सीट तुमच्या गाडीत, स्टेशनच्या पार्किंगमध्ये राहिलेल्या असतात. फॉगी बॉटमला न्यू कॅरोलटन किंवा डाउनटाउन लार्गोकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. लाँफाँ प्लाझाला उतरा, एक मजला वर जा आणि ग्रीनबेल्टची गाडी पकडा. सव्वानवाच्या आसपास स्टेशन, बर्फ-दूध घेऊन पावणेदहाला तंबू. पार्कात रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. दारं आपटणं, दिवे लावून गाडी उभी ठेवणं शेजाऱ्यांना फार त्रासाचं होतं. आत शिरताना मोठे दिवे बंद करा.

झोपण्याआधी दोन कामं उरतात. तंबूच्या तळाशी हात फिरवून ओल बघा, आणि सगळ्यांच्या गुडघ्यांमागे, कानांमागे, केसांच्या कडेला टॉर्च मारून गोचीड तपासा. मेरीलँडच्या गोचिडींमुळे लाइम आजार होतो. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिरगळू नका.

दुसऱ्या दिवशी

पाऊस झाला असेल तर रेनफ्लाय ओला गुंडाळून वेगळ्या पिशवीत भरा आणि पुढच्या मुक्कामी सगळ्यात आधी तोच पसरा. बंद पिशवीत दोन दिवस राहिला तर बुरशी धरतो.

रस्ता दक्षिणेकडे, पोटोमॅकच्या मेरीलँडच्या काठाने असेल तर महामार्ग २१० वर अकोकीक लागतं. तिथल्या आंबेडकर आंतरराष्ट्रीय केंद्रात राम सुतार यांनी घडवलेला बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा आहे. १४ ऑक्टोबर २०२३ ला त्याचं अनावरण झालं. पुतळा घडवणारे हात धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, हे मुलांना आवर्जून सांगा. जाण्याआधी संस्थेशी संपर्क करून वेळ विचारून घ्यावी.

शेनांडोआकडे निघालात तर चँटिलीला, डलस विमानतळाशेजारी, एअर अँड स्पेसचीच दुसरी शाखा आहे, उदवार-हेझी सेंटर. डिस्कव्हरी हे स्पेस शटल, काँकॉर्ड आणि काळंभोर एसआर-७१ ब्लॅकबर्ड तिथल्या प्रचंड हँगरांमध्ये बघता येतात. पास लागत नाही, दारात गाडी लावता येते. पार्किंगला १५ डॉलर पडतात, दुपारी चारनंतर तेही लागत नाहीत. शहरात पास न मिळालेल्यांनी एअर अँड स्पेस इथेच बघावं. दोन तास हाताशी ठेवून सकाळी दहाला पोचलात तर दुपारच्या जेवणापर्यंत आय-६६ ला लागता येतं, आणि फ्रंट रॉयलच्या दारातून स्कायलाइन ड्राइव्ह या शेनांडोआच्या डोंगररस्त्यावर चढायला उजेड भरपूर उरतो.